आखाजीचे ऊन, कानबाईचा पाऊस आणि दारातला वाफा

प्रश्न : जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या एका भगिनीचे पत्र आले आहे. चार वर्षांपूर्वी त्यांचे कुटुंब गावातले जुने घर सोडून नव्या वसाहतीत बांधलेल्या घरात राहायला आले. घराचे तोंड पश्चिमेला आहे. फाटक आणि ओटा यांच्या मधे १८ फूट लांब व ५ फूट रुंद असा वाफा राखला आहे. माती काळी आहे आणि नळाला चौथ्या दिवशी पाणी येते. त्यांनी दोनदा नर्सरीतून रोपे आणली. मार्चमध्ये लावलेले पिटुनिया आणि डायंथस मे उजाडण्यापूर्वीच करपले. जुलैत लावलेले अडेनियम आणि गुलाब ऑगस्टमध्ये कुजले आणि अनंताची पाने पिवळी पडत जाऊन तोही गेला. आता यजमान म्हणतात की सरळ पेव्हर ब्लॉक बसवून टाकू. ऐंशीच्या घरातल्या सासूबाई मात्र पूजेची फुले विकत आणावी लागतात म्हणून हळहळतात आणि म्हणतात, "दारमा फूल नही, ते घर सुनं लागस." घरात तीन वर्षांचा नातूही आहे. त्या लिहितात, "सासूबाईंच्या हाताला गुण होता, माझ्या हाताला झाडच लागत नाही. जुन्या घरी न्हाणीशेजारी त्यांची केळ, कर्दळ आणि तगर न बघताही वाढत असे. एकदा लावली की पुन्हा पाहावे लागणार नाही आणि बारा महिने हिरवी राहतील अशी झाडे कृपया सांगा."

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातले "माझ्या हाताला झाडच लागत नाही" हे वाक्य मी दोनदा वाचले, कारण झाडांची यादी देण्याआधी त्याचे उत्तर द्यायला हवे असे मला वाटते. तुमची रोपे कोणत्या महिन्यात लावली आणि कोणत्या महिन्यात गेली, हे तुम्ही नेमके लिहिले आहे, आणि त्यातच त्यांच्या मरणाचे कारण आहे. पिटुनिया आणि डायंथस ही आपल्याकडे थंडीच्या हंगामातली फुलझाडे आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती नर्सरीत फुलांनी गच्च भरलेली दिसतात, म्हणून आपण ती हौसेने उचलतो. पण तेव्हा त्यांचा हंगाम संपत आलेला असतो आणि खान्देशातल्या एप्रिलमध्ये ती कोणाच्याही हातून जगत नाहीत. अडेनियम हे रुक्ष प्रदेशातले झाड आपल्या जाड बुडख्यात पाणी साठवून ठेवते, त्यामुळे काळ्या मातीत पावसाचे पाणी आठवडाभर तुंबले की त्याचा बुडखा आतून सडतो. अनंताला आम्लधर्मी माती लागते. आपली माती चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी असल्याने मातीत लोह असूनही ते त्याच्या मुळांना घेता येत नाही, म्हणून शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी पाने दिसू लागतात. यापैकी एकही झाड तुमच्या दुर्लक्षामुळे गेलेले नाही.

सासूबाईंच्या हाताला गुण होता हे मी नाकारत नाही, पण त्यांची झाडे कुठे उभी होती ते आठवून पाहा. न्हाणीचे पाणी रोज, न चुकता, कोणी आठवण न ठेवता केळीच्या आणि कर्दळीच्या बुंध्याशी जात होते, आणि तिथे पाणी मानवणारीच झाडे होती. जुन्या घरांमध्ये निगा अशी घराच्या रचनेतच गुंफलेली असे. नव्या घरात न्हाणीचे पाणी पाइपातून थेट गटारात जाते आणि झाडाला पाणी घालणे हे कोणीतरी लक्षात ठेवून करायचे वेगळे काम होऊन बसते. तुम्हाला सासूबाईंइतका वेळ नाही याचा अपराधभाव बाळगू नका. वाफ्याची रचनाच अशी करू की तुमच्या आठवणीवर फारसे अवलंबून राहावे लागणार नाही.

तुमच्या मागणीतले दोन शब्द मात्र थोडे बदलून घ्यावे लागतील. "पुन्हा पाहावे लागणार नाही" असे झाड पहिल्या वर्षी कोणतेच नसते. ज्या झाडांना आपण काटक म्हणतो त्यांची मुळे खोल गेल्यावर ती काटक होतात. पिशवीतून काढलेल्या कण्हेरीच्या रोपाची मुळे वीतभर खोल असतात आणि त्या अवस्थेत तिला मोगऱ्याइतकेच पाणी लागते. त्यामुळे पहिली एक दिवाळी आणि पहिली एक आखाजी (अक्षय्य तृतीया) तुम्हाला लक्ष द्यावे लागेल, दुसऱ्या वर्षी निम्म्याहून कमी, आणि तिसऱ्या वर्षापासून आठ-दहा दिवसांनी एकदा भरपूर पाणी व वर्षातून एकदा छाटणी एवढ्यावर भागेल. "बारा महिने हिरवी" या अपेक्षेबद्दलही असेच आहे. पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा इथले पारिजातकासारखे झाडही पाने गाळून पाणी वाचवते, आणि गुलबक्षी तर जमिनीवरून दिसेनाशी होऊन आपल्या कंदात निजून राहते. वैशाखात वाफा थोडा उजाड दिसला तर त्याला तुमचे अपयश समजू नये.

खान्देशात झाड निवडण्याची माझी कसोटी साधी आहे. ते आखाजीच्या उन्हात टिकेल का आणि श्रावणात येणाऱ्या कानबाईच्या सणाच्या पावसात टिकेल का, हे दोन्ही प्रश्न विचारावेत. आपल्याकडे जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. काळी माती त्या काळात फुगून चिकण होते, तिच्यातून हवा खेळेनाशी होते. आणि उन्हाळ्यात तीच माती आकसून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात व कोवळी मुळे तुटतात. नर्सरीत "उन्हाला चालते" एवढेच ऐकून आपण झाड घेतो, ते पहिली परीक्षा पास होते आणि दुसरीत जाते. तुमच्या अडेनियमचे नेमके हेच झाले.

आता यजमानांच्या सूचनेकडे वळू, कारण तिच्यात तथ्य आहे. सगळा वाफा ब्लॉकने झाकू नये, असे मला मनापासून वाटते. पश्चिमेचे ऊन खाऊन तापलेली फरशी रात्री उशिरापर्यंत ती उष्णता ओट्याकडे आणि खिडक्यांकडे सोडत राहते, आणि पावसाचे पाणी मुरण्याऐवजी रस्त्यावर जाते. परंतु घराच्या जोत्याला लागून २ फुटांची पट्टी अवश्य फरशीची करावी. काळी माती ओली-सुकी होताना फुगते आणि आकसते, म्हणून जोत्याला खेटून झाडांना पाणी घालत राहणे बांधकामाच्या हिताचे नसते. शिवाय त्या पट्टीवरून सासूबाईंना चिखलात पाय न घालता फुले तोडता येतील. उरलेला ३ फूट रुंदीचा पट्टा पाच-सहा झुडपांना पुरेसा आहे. घरात कोणी कुंड्यांचा पर्याय सुचवला तर तो मात्र टाळा. कुंड्या सोप्या वाटतात, पण मे महिन्यात मुठीएवढ्या मातीत अडकलेल्या मुळांना दिवसातून कधी दोनदा पाणी लागते आणि आठवडाभर लग्नाला गेलात तर परतल्यावर काड्या मिळतात. हिरवळीचेही तसेच, चौथ्या दिवशी पाणी येणाऱ्या घराने तिचा विचार करू नये.

झाडांच्या आधी मातीचे काम करावे, आणि त्यासाठी उन्हाळा हाच योग्य काळ आहे. शेतकरी जशी नांगरट तापू देतो, तसा वाफा एप्रिलमध्ये दीड फूट खणून ढेकळे उन्हात तापू द्या. नंतर कडेला विटांचा किंवा दगडांचा थर लावून वाफा जमिनीपासून ९ इंच उंच करा. ३ फूट रुंद आणि १८ फूट लांब पट्ट्याला ९ इंच भर घालायची तर साधारण ४० घनफूट, म्हणजे अर्ध्या ब्रासहून कमी साहित्य लागते. त्यात चांगले कुजलेले शेणखत, नदीकाठचा पोयटा आणि बारीक मुरूम असे सारखे भाग घेऊन खालच्या काळ्या मातीत मिसळावेत. काळ्या मातीत दोन घमेली वाळू टाकली की ती सुटी होते हा गैरसमज आहे. थोड्या वाळूने ती अधिकच घट्ट बसते, तिला सुटे करते ते खत. वाफ्याचा उतार फाटकाकडे ठेवा आणि खालच्या टोकाला विटांमध्ये एक-दोन फटी सोडा, म्हणजे श्रावणातले पाणी वाहून जाईल. तुमचे दुसऱ्या खेपेचे गुलाब एवढ्यानेच वाचले असते.

आता झाडांचे. तुमच्या वाफ्याचा कणा म्हणून मी तगर सुचवेन. ती सदाहरित आहे, सासूबाईंच्या ओळखीची आहे, पांढरी फुले पूजेला चालतात आणि काळ्या मातीत ती चांगली रुजते. पश्चिमेच्या उन्हात तिची पाने मे महिन्यात थोडी फिकट होतात, पण पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा भरते. तीन तगरी एकमेकींपासून ४ फुटांवर लावाव्यात. सुरुवातीला मोकळी जागा पाहून आणखी झाडे खोचण्याचा मोह होईल, तो आवरावा. दाटीने लावलेली झुडपे दोन वर्षांत एकमेकांत घुसतात आणि मग छाटणी हेच मोठे काम होते. कमी निगा म्हणजे कमी जाती आणि मोकळे अंतर, हे मी प्रत्येक वाचकाला सांगेन.

दोन्ही परीक्षांत पहिल्या क्रमांकाने पास होणारे झाड कण्हेर आहे. ती मुळात ओढ्या-नद्यांच्या पात्रात वाढणारी, म्हणजे चार महिने पाण्यात आणि आठ महिने दगडावर उभे राहण्याची सवय असलेली. महामार्गाच्या दुभाजकांत भर उन्हात ती फुललेली तुम्ही पाहिली असेल. तरीही तुमच्या घरासाठी मी ती आत्ता सुचवत नाही. कण्हेरीचे पान, फूल, खोड, चीक असे सगळेच भाग विषारी असतात, पिवळ्या बिट्टीच्या बियाही तितक्याच घातक असतात, आणि तीन वर्षांचे मूल हाताला येईल ते तोंडात घालते. नातू समजता होईपर्यंत थांबा. ज्या वाचकांच्या घरी लहान मूल नाही, त्यांनी कण्हेर जरूर लावावी. छाटणीनंतर हात धुवावेत आणि तिच्या फांद्या कधीही जाळू नयेत, कारण धूरही बाधतो.

कण्हेरीच्या जागी, फाटकापासून दूरच्या, वाफ्याच्या सर्वांत उंच कोपऱ्यात एक बोगनवेल लावा. पाण्याची ओढ बसली की बोगनवेल अधिक फुलते, आणि रोज पाणी दिले तर पानेच वाढवते. मार्च ते मे या काळात, बाकी सगळे मलूल झालेले असताना, ती तुमचे अंगण उजळून टाकील. तिला काटे असतात, म्हणून ये-जा करण्याच्या वाटेवर नको, आणि पाय सतत ओले राहणे तिला सोसत नाही, म्हणून उंच कोपरा. पावसाळ्याच्या तोंडाशी तिला हातभर छाटून टाकली की वर्षाचे काम संपते.

पूजेच्या लाल फुलासाठी एक जास्वंद हवी, पण ती देशी, एकेरी, लाल असावी. मोठ्या दुहेरी फुलांच्या संकरित जातींवर पिठ्या ढेकूण फार लवकर बसतो. देशी जास्वंदीवरही तो येतो. शेंड्यावर पांढरा कापूस दिसताच तो शेंडा तोडून साबणाच्या पाण्यात बुडवावा, फवारणीपर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. मोगरा उन्हाळ्यात पाणी मागतो, त्यामुळे काटेकोरपणे पाहिले तर तो या यादीत बसत नाही. पण आखाजीच्या दिवसांत देवापुढे ठेवायला घरचे मोगऱ्याचे फूल असणे हे मला एका झाडाच्या जास्तीच्या पाण्याहून मोलाचे वाटते. एकच लावा, नळाच्या जवळ लावा आणि डिसेंबरमध्ये पाणी तोडून जानेवारीत छाटा.

पुढच्या कडेला गवती चहा, गुलबक्षी आणि पावसाळी लिलीचे कंद यांची मिसळ करा. गवती चहाच्या मुळ्या वाफ्याची कड धरून ठेवतात. गुलबक्षी आणि लिली उन्हाळ्यात विसावा घेतात आणि पावसाबरोबर आपल्या आपण परत येतात. गुलबक्षीच्या काळ्या बिया आणि मुळे मात्र पोटात गेल्यास बाधतात, म्हणून नातू लहान आहे तोवर बिया पडण्याआधी फुले खुडा किंवा ती पुढच्या वर्षावर ठेवा. सदाफुली तुम्ही लावाल याची मला खात्री आहे, कारण ती खान्देशातल्या प्रत्येक दारात आहे. तिच्यापासून मिळणारी व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही औषधे कर्करोगाच्या उपचारात वापरली जातात, आणि म्हणूनच तीही तोंडात घालण्याची वस्तू नव्हे. कोरफड उंच कडेवर चालेल.

नर्सरीत तुम्हाला "झपाट्याने वाढते, काही करावे लागत नाही" म्हणून कोनोकार्पस दाखवतील. तो घेऊ नका. त्याची मुळे जलवाहिन्या आणि गटारे यांत शिरतात आणि परागकणांचा त्रास होतो अशा तक्रारी वाढल्यामुळे शेजारच्या गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

पाण्याची व्यवस्था ही या सगळ्यात तुमचा वेळ वाचवणारी खरी गोष्ट आहे. ज्या जळगावची ओळख ठिबकशी जोडली गेली आहे, तिथे आपण केळीला ठिबक लावतो आणि दारातल्या वाफ्याला मात्र पाइप धरून उभे राहतो. २०० लिटरचा एक पिंप ३ फूट उंच चौथऱ्यावर ठेवा, नळाला पाणी येईल त्या दिवशी तो भरा आणि त्याला चाळणी व ठिबकची नळी जोडून प्रत्येक झुडपापाशी दोन ड्रिपर बसवा. एवढ्या उंचीवरून दाब कमी मिळतो, थेंब संथ पडतात, पण त्यामुळे पाणी खोल मुरते आणि ते वाहून जात नाही. पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक झुडपाला चौथ्या दिवशी दहा-बारा लिटर पाणी पुरते. सहा झुडपांना मिळून सत्तर लिटरच्या आसपास. क्षारांनी ड्रिपर बुजले तर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवावेत. कूलरच्या तळाशी उरलेले आणि आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते झाडांना घालतात, पण त्यात क्षार एकवटलेले असतात; ते फरशी धुवायला वापरा.

झाडाने मान टाकली की पाणी घालायचे, ही सवयही सोडावी लागेल. मे महिन्यात दुपारी चारला माती ओली असूनही पाने लोंबतात, कारण मुळे पाणी ओढतात त्याहून वेगाने ते पानांतून उडून जाते. झाड सकाळी सहाला पाहा. तेव्हाही मलूल असेल तर खुरपीने चार बोटे माती उकरा, आणि ती कोरडी लागली तरच पाणी द्या.

दिवाळीनंतर वाफ्यावर ३ इंच जाडीचे आच्छादन घाला. रावेर-यावलकडून केळीची वाळलेली पाने सहज मिळतात. नाही तर उसाचे पाचट किंवा कडुलिंबाचा पाला चालेल. आच्छादनाखाली काळ्या मातीला भेगा कमी पडतात आणि तणही दबते. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवा आणि आच्छादन जोत्याला टेकू देऊ नका, नाही तर वाळवी घरापर्यंत पोचते.

लागवड मात्र आत्ता करू नका. दोन चांगले पाऊस होऊन जमीन थंड झाल्यावर, जूनच्या अखेरीस किंवा जुलैत करा, म्हणजे मुळांना उन्हाळ्याआधी आठ-नऊ महिने मिळतील. तगर विकत आणण्याचीही गरज नाही. जुन्या घराची तगर अजून उभी असेल तर पावसाळ्यात सासूबाईंना सोबत घेऊन जा आणि फांद्या त्यांनाच निवडू द्या. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांबीच्या दहा काड्या कापून, खालची पाने काढून, दोन डोळे मातीत जातील अशा पिशव्यांत लावा आणि ओट्याच्या सावलीत ठेवा. दहातल्या पाच-सहा नक्की फुटतील आणि नवरात्राच्या सुमारास वाफ्यात लावण्याजोग्या होतील. तोवर तगरीच्या तीन जागा खुणेच्या काठ्या रोवून मोकळ्या ठेवा, आणि बोगनवेल व जास्वंद जुलैतच लावून घ्या.